बेरीज चुकलीये हे सगळ्यांना माहीत होतं

निकालाच्या आठवड्यातली गोष्ट. त्या शाळेत मी नवीनच होते, कुठल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते इथपासून सगळं विचारत फिरत होते. मार्क भरायची एक्सेल शीट सगळ्यांना आलेली होती, ती खुद्द मुख्याध्यापक सरांनी बनवलेली, वरचे रकाने निळे, खालचे पिवळे, सूत्रांचे सेल लॉक केलेले, आपण फक्त मार्क टाकायचे की बेरीज, टक्के, श्रेणी सगळं आपोआप. मी माझ्या वर्गाचे मार्क टाकले आणि सवयीने दोन-चार मुलांची बेरीज तोंडी करून बघितली तर जुळेचना. परत केली, तरी तेच. मग नीट बघितल्यावर कळलं की शेवटचा, तोंडी परीक्षेचा रकाना बेरजेत धरलाच नाहीये. रकाना नंतर वाढवला असणार आणि सूत्र तिथपर्यंत ओढायचं राहिलं असणार, होतं असं, कोणाचंही होतं. मी बसल्या जागेवरूनच म्हटलं, "अहो, ही बेरीज सगळ्यांचीच चुकतीये का, की माझ्याच शीटला काही झालंय?"

कोणीच काही बोललं नाही. भूगोलाचे सर वह्या तपासत होते ते तपासतच राहिले, फक्त लाल पेन जरा जास्त वेगाने चालायला लागलं. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दाराकडे एकदा बघून घेतलं, ड्रॉवर उघडला आणि आतला एक कागद अर्धाच बाहेर ओढून मला दाखवला. पेन्सिलीने आखलेले रकाने, वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांची नावं, प्रत्येकापुढे हाताने केलेली बेरीज आणि बेरजेपुढे बारीकशी टिक. त्यांनी आदल्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन अख्ख्या वर्गाचं गणित नव्याने केलं होतं आणि शीटमधलं एकूण बरोबर यावं म्हणून प्रत्येक मुलाचे तोंडीचे मार्क लेखीच्या रकान्यात मिसळून टाकले होते. नंतर कळलं की भूगोलाच्या सरांनीही तेच केलेलं, फक्त त्यांनी तोंडीचे मार्क प्रकल्पात घातले होते. आणखी एका मॅडमनी शीट आहे तशीच पाठवून दिली होती आणि प्रगतिपुस्तकात हाताने बरोबर आकडा लिहायचा असं मनाशी ठरवलं होतं. तिघांनाही चूक दिसली होती. तिघांपैकी एकानेही ती दुसऱ्याला सांगितली नव्हती.

"मग सरांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

बाई कागद परत आत ढकलत म्हणाल्या, "सांगून?"

हा 'सांगून?' मला अजून छळतो. कारण त्यात भीती होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, निदान नुसती भीती नव्हती. त्या बाई घाबरट अजिबात नव्हत्या, अंगावर आलेल्या पालकाला दोन वाक्यांत गार करणाऱ्या होत्या. त्या 'सांगून?'मध्ये एक हिशेब होता, पूर्वी कधीतरी करून झालेला, उत्तर पाठ असलेला. बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि न बोलण्यासाठी त्यांनी अख्खी रात्र घातली होती, तरी त्यांच्या हिशेबाने रात्र स्वस्त पडत होती. आणि नुकसान झालं ते भलतीकडेच. एकूण मार्क बरोबर आले, पालकांना काही कळलं नाही, पण कुठलं मूल लिहिताना अडतंय आणि कुठलं बोलताना, ही माहिती त्या वर्षापुरती तरी त्या शीटमधून पुसली गेली. पुढच्या वर्षी ज्या शिक्षकाकडे तो वर्ग गेला असेल त्याने त्या आकड्यांकडे बघून काहीतरी अंदाज बांधला असेल, आणि तो चुकीचा असेल, आणि का चुकला हे त्याला कधीच कळलं नसेल.

मी मात्र केबिनमध्ये जाऊन सांगितलं. नवीन माणसाचं हे एक बरं असतं, कुठे जपून पाय टाकायचा ते त्याला माहीतच नसतं. सरांनी शीट उघडली, बघितली, "अच्छा" म्हणाले, दोन मिनिटांत सूत्र दुरुस्त केलं आणि 'सुधारित' असं नाव देऊन सगळ्यांना परत पाठवून दिली. आवाज चढला नाही, काही नाही. मला वाटलं, एवढंच तर होतं! मग पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये निकालाचा विषय निघाला तेव्हा सर हसत म्हणाले, "आपल्याकडे नवीन मॅडम आल्यात, त्यांची नजर फार बारीक आहे हं, आता सगळ्यांनी सांभाळून." सगळे हसले. तसं बघितलं तर कौतुकच होतं ते. पण त्यानंतर बरेच दिवस माझं पाठटाचण इतरांपेक्षा जरा जास्त वेळ केबिनमध्ये राहायला लागलं, आणि परत यायचं तेव्हा त्यात पेन्सिलीने काहीतरी अधोरेखित केलेलं असायचं. शुद्धलेखन, तारीख, एकदा तर समासाची रेघ वाकडी म्हणून. यातलं काहीही तक्रार करण्यासारखं नव्हतं, आणि नेमकं तेच अवघड असतं, कारण घरी आल्यावर कोणाला सांगायचं झालं तर सांगणार काय, की सरांनी माझी समासाची रेघ अधोरेखित केली म्हणून?

बाहेरच्या लोकांना वाटतं शिक्षकाला भीती असते ती नोकरी जायची. असतेही, विशेषतः जे कायम झालेले नाहीत त्यांना. पण रोजची भीती इतकी मोठी नसतेच मुळी. शाळेत खरी सत्ता राहते ती वेळापत्रकात. कोणाला सलग चार तास लागले, कोणाला रोज शेवटचा तास आला जेव्हा मुलं निम्मी घरी पोचलेली असतात, गैरहजर शिक्षकाच्या जागी बदली तासाला दरवेळी कोणाचं नाव लागतं, वार्षिक कार्यक्रमाच्या सगळ्यात डोकेदुखीच्या कमिटीत कोण, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा वर्ग कोणाला, गुडघे दुखणाऱ्यांना की नुसते डोळ्यांत खुपणाऱ्यांना. हे सगळं शिक्षा म्हणून कधीच दिलं जात नाही, 'सोय' म्हणून होतं. आणि मग वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवाल असतोच. त्यामुळे स्टाफरूममधली माणसं बोलताना मनातल्या मनात पुढच्या जूनचं वेळापत्रक बघत असतात आणि मग ठरवतात की जाऊ दे.

हार्वर्डच्या अ‍ॅमी एडमंडसन यांचं या विषयातलं काम प्रसिद्ध आहे, टीममध्ये प्रश्न विचारला, चूक कबूल केली, शंका काढली तर आपली फजिती किंवा अडचण होणार नाही असं सगळ्यांना मिळून वाटणं म्हणजे मानसिक सुरक्षितता, असं त्यांनी १९९९ च्या शोधनिबंधात मांडलं. पण मला त्यांची त्याआधीची गोष्ट जास्त आवडते. त्या हॉस्पिटलमधल्या औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या आणि अपेक्षा अशी की ज्या वॉर्डातली टीम चांगली तिथे चुका कमी. आकडे आले ते बरोबर उलटे, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! मग खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चांगल्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका सांगत होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये होत्या. (ड्रॉवर हा माझा शब्द, त्यांचा नाही.) हे वाचलं तेव्हा मला एकदम आमच्या मीटिंगचं इतिवृत्त आठवलं, ज्यात वर्षानुवर्षं एकच वाक्य असायचं, "सर्वानुमते मंजूर", आणि सर त्या वाक्याकडे खरंच अभिमानाने बघायचे, की माझ्या शाळेत वाद नाहीत.

खरं तर शाळा हे मुळातच एकटं काम आहे, हे बाहेरून कळत नाही. दिवसभर चाळीस-पन्नास जणांच्या गराड्यात असतो आपण, पण आपल्या कामाची जाण असलेलं मोठं माणूस एकही आसपास नसतं. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शाळेच्या या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली होती, प्रत्येक जण आपापल्या खोबणीत, शेजाऱ्याला धक्का लागू नये अशी व्यवस्था. पन्नास वर्षं होऊन गेली, फळे गेले, स्मार्ट बोर्ड आले, पण खोबणी तीच आहे. त्यामुळे शिक्षकाच्या वर्गात दुसरं मोठं माणूस येतं ते एकाच कारणासाठी, तपासायला. पाठनिरीक्षणाचा दिवस ज्याने भोगलाय त्याला वेगळं सांगायला नको. मागच्या बाकावर मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक, मांडीवर फॉर्म, पेनाचं टोपण काढलेलं. मुलं उगाचच ताठ बसलेली. आपण आदल्या दिवशी शिकवून झालेलाच भाग परत घेतलेला, प्रश्न ठरलेल्या पाच मुलांनाच विचारायचे, फळ्यावर तारीख, विषय, घटक, उपघटक सगळं ठळक. मागच्या बाकाजवळ बसणारा जो मुलगा रोज काहीतरी आडवं विचारतो, आणि खरं तर ज्याच्यामुळे तासाला जान येते, त्याला नेमकं त्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकं लावायला पाठवलेलं असतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय. तास संपतो, शेरा मिळतो 'समाधानकारक', दोघंही सुटल्यासारखे बाहेर पडतात, आणि त्या शिक्षकाला भागाकार शिकवताना नेमकं कुठे अडायला होतं ते जगात कोणालाच कळत नाही.

जपानमधल्या शाळांत पाठ-अभ्यासाची जुनी पद्धत आहे, चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात, पण बघतात ते मुलांकडे. कोण कुठे अडलं, कोणी काय खोडलं. मग बसून चर्चा. पाठ फसला तर तो सगळ्यांचा फसतो, कारण तो बनवलाच सगळ्यांनी असतो. ही पद्धत उचलून आपल्याकडे आणली की झालं असं मी अजिबात म्हणत नाही, मी एका ठिकाणी तशी 'आणलेली' पाहिलीये, दोन महिन्यांत तिचाही एक फॉर्म झाला आणि त्यात 'निरीक्षकाची सही' असा रकाना आला. पण बघणाऱ्याची नजर शिक्षकावरून उचलून मुलांवर ठेवली की त्या खोलीतली हवा बदलते, हे खरं आहे.

यात मुख्याध्यापकाचा वाटा किती, असा प्रश्न कोणी विचारला की मी सांगते, पुष्कळ, पण लोकांना वाटतो तिथे नाही. भाषणात नाही, भिंतीवर लावलेल्या 'आमची मूल्ये'मध्ये नाही. तो वाटा असतो वाईट बातमी ऐकल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत. बाकीचे सगळे त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतात.

पुढे मी ज्या शाळेत गेले तिथल्या मोठ्या बाईंची एक सवय होती. कोणी काही बिघडल्याचं सांगायला गेलं की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "कधीपासून?" बस. कोणी केलं नाही, का केलं नाही, आत्ता सांगताय होय असंही नाही. कधीपासून. या प्रश्नाची गंमत अशी की त्याचं उत्तर देताना माणूस स्वतःचा बचाव करायचं विसरतो आणि आठवायला लागतो. एकदा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सरांनी येऊन सांगितलं की आठवीचे प्रयोग होतच नाहीयेत, वह्यांमध्ये निरीक्षणं उतरवून घेतली जातायत. हे म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. मी समोरच बसलेले होते. बाईंनी चष्मा काढला. "कधीपासून?" सर म्हणाले, सहामाहीनंतर, म्हणजे तसं आधीपासूनच, मदतनीस गेला आणि पन्नास मुलांना एकट्याने बर्नरजवळ उभं करायची छाती होत नाही. मग पुढची दहा-पंधरा मिनिटं दोघं फक्त बर्नर, तासिका आणि अर्धा वर्ग कुठे बसवायचा एवढ्याबद्दलच बोलत होते. सर बाहेर पडले तेव्हा त्यांना बोलणी बसलेली नव्हती, पण सुट्टीही मिळालेली नव्हती, दर गुरुवारी अर्ध्या वर्गाचे प्रयोग झालेच पाहिजेत आणि बाई स्वतः खाली येऊन दुसरा अर्धा वर्ग सांभाळणार असं ठरलं होतं. आणि त्या येत होत्या, धापा टाकत, पण येत होत्या.

त्या शाळेतली स्टाफरूम फार गोंगाटाची होती. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कुठे येऊन पडलो, भांडकुदळ दिसतायत सगळे. मीटिंगमध्ये माणसं बाईंसमोर म्हणायची, "हे नाही जमणार." एकदा तर एका तरुण सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मला अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना तो उलटा का करायचा हेच मुलांना पटवून देता येत नाही, कोणाला येतं?" आणि निवृत्तीला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "मला पण नाही येत हो, मी तीस वर्षं 'उलटा करा आणि गुणा' एवढंच सांगत आले." त्यावर जो हशा पिकला तो आणि माझ्या आधीच्या शाळेतल्या मीटिंगमधला हशा, दोन्ही हशेच, पण ऐकणाऱ्याला फरक कळतो. नंतर मग पट्ट्या कापून, घड्या घालून तिघं-चौघं ते अर्धा भागिले पाव म्हणजे दोन कसे हे एकमेकांना समजावत बसले, आणि त्यातल्या दोघांचे विषय भाषा आणि इतिहास होते.

पण त्या शाळेचं मला फार गोडवेही गायचे नाहीत. बाईंना नाही म्हणता यायचं नाही. एक सर होते, कायम उशिरा यायचे, त्यांच्या वर्गावर पहिल्या तासाला कोणीतरी दुसरं जाऊन उभं राहायचं आणि बाई दरवेळी समजून घ्यायच्या. त्या मोकळेपणाचा त्यांनी जो वापर केला तो बघून चांगले काम करणारे दोघं-तिघं आतून कडू झाले होते, आणि हे कडूपण मात्र त्या गोंगाटात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. म्हणजे तिथेही न बोलण्याची एक जागा होतीच. एडमंडसनबाईही सांगतात की सुरक्षितता म्हणजे सैलपणा नव्हे, कामाचा आग्रह हा वेगळा भाग आहे आणि तोही तितकाच लागतो. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात तोच माणूस दोन्ही करेल असं क्वचित घडतं, बहुतेकांना एकच हात चालवता येतो.

आणि तिसरी एक जात असते ती प्रेमळ गप्पांची. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं जिथे वरचेवर म्हटलं जातं तिथे मी हल्ली सावध होते. कुटुंबात मोठ्यांना उलट बोलत नाहीत, घरातलं बाहेर सांगत नाहीत, आणि रुसवे-फुगवे चालतात. अशा ठिकाणी कोणी ओरडत नाही, वाढदिवस सगळ्यांचे साजरे होतात, आजारपणात खरोखर माणसं धावून येतात, हे खोटं नसतंच. पण एखाद्या निर्णयाला विरोध केला की मुद्दा बाजूला राहतो आणि "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं ऐकायला मिळतं, डोळ्यांत पाणी वगैरे. मग माणूस मुद्द्याला नाही तर त्या पाण्याला घाबरतो. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघा. रात्री दहाला सूचना येते की उद्यापासून दहा मिनिटं आधी या. पहिला अंगठा येतो, दुसरा येतो, मग रांगच लागते अंगठ्यांची, आणि ज्याने अंगठा दिला नाही तो लगेच उठून दिसतो. त्याच वेळी दुसऱ्या एका ग्रुपवर, ज्यात मुख्याध्यापक नाहीत, खरी मीटिंग सुरू झालेली असते. तिथे सगळे हुशार, विनोदी आणि निर्भय असतात.

मुलांना हे कळतं का? मला वाटतं फार लवकर कळतं, फक्त त्यांना ते शब्दांत सांगता येत नाही. पहिल्या शाळेत मीटिंग झाली की नंतरच्या तासांना कॉरिडॉरमधून चालताना आवाज बदललेले ऐकू यायचे. तेच शिक्षक, तेच वर्ग. एरवी "परत बघ बरं" म्हणणाऱ्या बाई त्या दिवशी "लक्ष कुठे असतं?" म्हणायच्या. ज्याला वरून 'चूक चालणार नाही' एवढंच ऐकू येत असतं तो खाली वेगळं काय देणार, कुठून आणणार? शिकागोतल्या शाळांचा अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९० च्या दशकात मोठा अभ्यास केला, शाळेतल्या माणसांचा एकमेकांवर किती विश्वास आहे ते मोजलं. जिथे विश्वास भक्कम होता अशा दोनांतली एक शाळा वाचन-गणितात सुधारणाऱ्यांच्या गटात होती, जिथे अगदीच कमी होता तिथे सातांतली एक. आणि मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पपे यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या शिक्षकांवर केलेला २०१४ चा अभ्यास तर मला प्रत्येक संस्थाचालकाच्या टेबलावर ठेवावासा वाटतो. आपण धरून चालतो की शिक्षक अनुभवाने सुधारतो. त्यांना दिसलं की ते शाळेवर अवलंबून आहे, चांगल्या वातावरणाच्या शाळांमधले शिक्षक दहा वर्षांत वाईट वातावरणातल्यांपेक्षा ३८ टक्के जास्त सुधारले. म्हणजे तीस वर्षं 'उलटा करा आणि गुणा' म्हणत राहणं हा त्या एकट्या बाईंचा दोष नव्हता, आधीच्या तीस वर्षांत त्यांना तो प्रश्न मोठ्याने विचारायची जागा मिळाली नव्हती इतकंच.

त्या पहिल्या सरांवर मी बरीच वर्षं मनातून चिडून होते. आता तितकी नाही. एकदा कुठल्याशा सहीसाठी त्यांच्या केबिनबाहेर उभी होते आणि दार नीट लागलेलं नव्हतं. आत फोन चालू होता, संस्थेच्या कार्यालयातून असावा, आणि सर फक्त "हो साहेब... नाही साहेब... माझंच लक्ष राहिलं साहेब" एवढंच म्हणत होते. सात-आठ मिनिटं. ज्या गोष्टीबद्दल चाललं होतं त्यात त्यांची काही चूक नव्हती, ते मला माहीत होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि सही करताना म्हणाले, "समास सोडत जा मॅडम नीट." तेव्हा मला हसू आलं होतं. आता कळतं की त्या माणसाने रात्री जागून स्वतः शीट बनवली होती ती आम्हा शिक्षकांचा त्रास वाचावा म्हणून, कारकुनाला सांगता आलं असतं त्यांना, आणि तिच्यात चूक निघणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं सूत्र राहणं नव्हतं, ते त्या फोनवरचं आणखी एक "माझंच लक्ष राहिलं साहेब" होतं. इंग्लंडमध्ये सरकारी तपासणीत अख्ख्या शाळेला एका शब्दाचा शेरा द्यायची पद्धत होती, अशा एका तपासणीनंतर एका मुख्याध्यापिकेने २०२३ च्या जानेवारीत आत्महत्या केली, आणि तपासणीचा त्यात हातभार होता असं तिथल्या मृत्यू-चौकशीत त्याच वर्षी नोंदलं गेलं. २०२४ च्या सप्टेंबरपासून सरकारी शाळांसाठी तो एका शब्दाचा शेरा बंद केला. ज्याच्या हातात सगळ्यांचे शेरे असतात त्यालाही कोणीतरी शेरा देत असतं, हे आपण स्टाफरूममध्ये बसून सोयीस्करपणे विसरतो. अर्थात समजून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं, कारण तो फोन आमच्यापैकी कोणीच केलेला नव्हता आणि त्याची फेड मात्र आमच्या समासांतून होत होती.

यंदापासून मी पर्यवेक्षक आहे. म्हणजे शिक्षकही आणि साहेबही, दोन्ही अर्धवट. मी स्टाफरूममध्ये गेले की बोलणं थांबत नाही, तितकं नाटकी काही होत नाही, फक्त विषय बदलतो, आणि तो इतका सफाईने बदलतो की वाक्याच्या मध्यावरच परीक्षेच्या तारखा येतात. मी वर्गावर जाते तेव्हा फॉर्म नेत नाही, वही नेते, पण वही पण काही लोकांना फॉर्मसारखीच दिसते. 'कधीपासून?' मी पण विचारून बघितलं. एका मॅडमनी घाबरून नेमकी तारीख सांगितली आणि वर "सर्टिफिकेट जोडते" म्हणाल्या. सवयी उसन्या आणून चालत नाहीत बहुतेक, मागे ती धापा टाकत खाली येणारी गुरुवारची बाई लागते.

आणि गेल्या आठवड्यात संस्थेकडून एक ऑनलाइन सर्व्हे आला. 'शिक्षकांचे भावनिक आरोग्य व मोकळे वातावरण.' विषय निवडला याचाच मला आधी आनंद झाला. पहिला प्रश्न, "तुम्हाला आपल्या शाळेत निर्भयपणे मत मांडता येते का?" पर्याय एक ते पाच. आणि त्याच्या वर लाल चांदणी लावलेले तीन रकाने, भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही असे. नाव, एम्प्लॉयी कोड, मोबाईल नंबर. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पाच मिनिटांत भरूनही टाकला. भाषेच्या एका सरांनी मला विचारलं, "मॅडम, सगळीकडे पाच दिले तर संशयास्पद दिसेल का? एखादा चार घालू?" आणि कुठल्या प्रश्नाला चार घालणं सगळ्यात निर्धोक ठरेल यावर तिथे बराच वेळ चर्चा झाली, अगदी मोकळेपणाने.

मी कार्यालयाला मेल केला की नाव आणि कोड काढून टाकावा, नाहीतर या उत्तरांना काही अर्थ राहणार नाही. उत्तर आलं की नावं असल्याशिवाय कोणी भरला आणि कोणी नाही ते कळणार कसं, शंभर टक्के प्रतिसाद अपेक्षित आहे. मी परत लिहिलंय, की ज्यांनी भरलाय त्यांची यादी मी वेगळी देते, हातानं टिक करून, फॉर्मवर नाव नको. त्याला अजून उत्तर नाही. शेवटची तारीख शुक्रवार आहे, आणि माझा स्वतःचा फॉर्म तेवढा भरायचा राहिलाय.